लाल देवळात मूर्ती का नाही? ‘देव’ या एका शब्दाखालच्या अनेक कल्पना

पुण्यात कॅम्पात लाल विटांची, उंच मनोऱ्याची एक इमारत आहे. तिचं नाव ओहेल दाविद. डेव्हिड ससून यांच्या दानातून १८६७ साली उभं राहिलेलं हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. पुणेकर मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याला ‘लाल देऊळ’ म्हणत आलेत. देऊळ म्हणजे देवकुल, देवाचं घर. पण इथे मूर्ती नाही, तसबीर नाही, गाभारा नाही. सिनेगॉगमध्ये जेरुसलेमच्या दिशेच्या, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेच्या भिंतीला एक कपाट असतं आणि त्यात हाताने लिहिलेल्या तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, चर्मपत्राच्या गुंडाळ्या असतात. प्रार्थना करायची ती त्या कपाटाकडे तोंड करून, पण पूजा ना कपाटाची, ना गुंडाळीची. रास्ता पेठेत मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंचं सुक्कथ शेलोमो हे सिनेगॉग आहे. या समाजाचे पूर्वज कोकणात आपल्या प्रार्थनागृहाला ‘मशीद’ म्हणत. म्हणजे सिनेगॉगला मराठीत देऊळही म्हटलं गेलं आणि मशीदही. दोन्ही नावं आपुलकीची, आणि दोन्ही आपापल्या ओळखीचा साचा पुढे करणारी.

‘देव’ या शब्दाचंही असंच होतं. बांधावरचा म्हसोबा देव, पंढरीचा विठोबा देव, बायबलातला विश्वकर्ता देव, आणि उपनिषदातलं निर्गुण ब्रह्म समजावून सांगतानाही शेवटी तोंडात देवच येतो. मूळ संस्कृत धातू ‘दिव्’, म्हणजे चमकणं. लॅटिनमधला ‘देउस’ याच कुळातला. पण पारशी धर्माच्या अवेस्ता ग्रंथात याच शब्दाचं भावंड ‘दएव’ हे दुष्ट शक्तींचं नाव आहे, आणि तिथला परमेश्वर ‘अहुर मज्द’ हा आपल्या ‘असुर’ शब्दाचा सख्खा नातलग. ऋग्वेदाच्या जुन्या सूक्तांत वरुणाला ‘असुर’ हे मानाचंच विशेषण आहे. पुढे दोन शेजारी परंपरांत हे शब्द उलटसुलट झाले.

म्हणून ‘तुम्ही देव मानता का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर मिळालं, तरी त्यातून फारसं काही कळत नाही. त्याऐवजी पाच लहान प्रश्न विचारावेत. जग त्याने घडवलं का? तो जगापासून आणि माझ्यापासून वेगळा आहे का? त्याला रूप किंवा देह असतो का? हाक मारली तर तो ऐकतो का? आणि बऱ्यावाईटाचा हिशेब कोण ठेवतं, तो की आणखी काही? पाचही उत्तरं जुळणाऱ्या दोन परंपरा शोधू लागलं की ‘देव’ हा शब्द किती वेगवेगळी कामं करतो ते दिसू लागतं.

नाव न घेण्याचा देव

यहुदी, म्हणजे ज्यू, परंपरेत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं स्पष्ट आहेत: जग त्याने घडवलं, आणि तो जगापासून वेगळा आहे. तिसऱ्याला ठाम नकार. त्याचं चार अक्षरी नाव हिब्रू ग्रंथात लिहिलेलं असतं, पण वाचताना उच्चारत नाहीत. तिथे ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा प्रभू’, असं म्हणतात आणि रोजच्या बोलण्यात नुसतं ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाम’. मराठी बायबलात याची एक खूण सापडते. मूळ हिब्रूत जिथे सर्वसाधारण शब्द आहे तिथे ‘देव’ छापतात: ‘प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी ही उत्पन्न केली.’ जिथे ते चार अक्षरी नाव आहे तिथे ‘परमेश्वर’: ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे.’ हे ठाऊक नसेल तर दोन्ही शब्द समानार्थी समजून वाचक पुढे जातो आणि विशेषनाम कुठे, जातिवाचक नाम कुठे, हा फरक हातातून निसटतो.

बाराव्या शतकातला यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीझ याने एक पाऊल पुढे टाकलं. देवाबद्दल ‘तो अमुक आहे’ असं काहीच नीट म्हणता येत नाही, ‘तो अमुक नाही’ एवढंच म्हणता येतं, असं तो सांगतो. ‘सामर्थ्यवान आहे’ याचा खरा अर्थ ‘दुर्बळ नाही’ एवढाच. आपल्याला इथे लगेच उपनिषदातलं ‘नेति नेति’ आठवतं. पद्धत खरोखर जवळची आहे, पण मुक्काम वेगळा. अद्वैती, म्हणजे जीव आणि ब्रह्म एकच मानणारा, माणूस एकेक गोष्ट नाकारत शेवटी ‘ते तूच आहेस’ इथे पोचतो. मायमोनिडीझला हे वाक्य कधीही मान्य झालं नसतं. त्याच्यासाठी निर्माता आणि निर्मिती यांच्यामधली रेघ पुसली जाणं हीच मोठी चूक.

इस्लाममध्ये ही रेघ सर्वांत ठळक. तौहीद म्हणजे अल्लाहचं एकत्व, आणि त्याच्या जोडीला दुसऱ्या कुणाला बसवणं म्हणजे शिर्क, सर्वांत मोठा अपराध. कुराणातली ११२वी सूरा अवघ्या चार आयतींची आहे आणि सगळा सिद्धांत तिच्यात बसतो: तो एक आहे, तो कुणावर अवलंबून नाही, त्याने कुणाला जन्म दिला नाही व त्याला कुणी जन्म दिला नाही, त्याच्या तोडीचं कुणी नाही. ‘अल्लाह’ हे केवळ मुसलमानांच्या देवाचं नाव आहे असा एक समज आहे. अरबी बोलणारे ख्रिस्तीही आपल्या प्रार्थनेत हाच शब्द वापरतात. आणि हा देव दूर कुठेतरी बसलेला आहे, हा दुसरा गैरसमज. तो माणसाला त्याच्या गळ्याच्या शिरेपेक्षाही जवळ आहे, असं कुराणाच्या ५०व्या सूरेत म्हटलं आहे. वेगळा आहे, पण लांब नाही.

शेजारधर्मात याचा उपयोग होतो. दिवाळीचा फराळ आनंदाने खाणारा मुस्लिम शेजारी सत्यनारायणाचा प्रसाद घेताना कधी अडखळतो. अडचण शिऱ्याची नसते. तो पदार्थ आधी कुणाला तरी अर्पण झालेला आहे, आणि अर्पण फक्त अल्लाहलाच, ही त्याची अडचण असते. तीच थाळी नैवेद्य दाखवण्याआधी बाजूला काढून दिली तर बहुतेक वेळा प्रश्नच उरत नाही. खुद्द मुसलमानांतही दर्ग्यावरून मतभेद आहेत. कॅम्पात सूफी संत हजरत बाबाजान यांचा दर्गा आहे. त्यांचं निधन १९३१ साली झालं. दर्ग्याला जाणारे सांगतात की मागणं अल्लाहकडेच आहे, वली, म्हणजे संत, फक्त आपली रदबदली करतात; याला वसीला म्हणतात. बरेलवी मताचे लोक हे मानतात. देवबंदी यातल्या बऱ्याच प्रथांवर आक्षेप घेतात, आणि अहले हदीस मताच्या लोकांना तर वलीला हाक मारणं शिर्कच वाटतं. भांडण देव किती आहेत याचं नाही. मध्ये कुणी चालेल का, एवढंच आहे.

त्रैक्य: सगळ्यात जास्त चुकणारा धडा

ख्रिस्ती त्रैक्य समजावताना मराठीत हमखास दोन दाखले दिले जातात, आणि दोन्ही चुकतात. पहिला, पाणी-बर्फ-वाफ. दुसरा, ब्रह्मा-विष्णू-महेश.

आधी सिद्धांत सरळ शब्दांत. देव एकच आहे, त्याचं सत्त्व एकच. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघंही पूर्णपणे तोच एक देव आहेत; पण पिता म्हणजे पुत्र नव्हे आणि पुत्र म्हणजे आत्मा नव्हे. आता पाण्याचा दाखला पाहा. तेच पाणी कधी बर्फ होतं, कधी वाफ. म्हणजे एकच नट तीन सोंगं घेतो. हे मत तिसऱ्या शतकात सबेलियसच्या नावाने मांडलं गेलं होतं आणि चर्चने ते नाकारलं, कारण मग येशू पित्याकडे प्रार्थना करतो तेव्हा तो स्वतःशीच बोलत होता असं होईल. ब्रह्मा-विष्णू-महेश म्हटलं की उलट बाजूचा खड्डा: तिघांत कामाची वाटणी होते, उत्पत्ती एकाची, पालन दुसऱ्याचं, संहार तिसऱ्याचा. ख्रिस्ती मताप्रमाणे अशी वाटणी नाही. म्हणूनच मराठी ख्रिस्ती लोक ‘त्रिमूर्ती’ हा तयार शब्द न घेता ‘त्रैक्य’ म्हणतात. तीन तोंडांच्या दत्तमूर्तीचा दाखलाही चालत नाही. त्यात तिघं एकाचे भाग होतात.

खरी अडचण ‘व्यक्ती’ या शब्दात आहे. ‘एक देव, तीन व्यक्ती’ असं वाचलं की आजच्या मराठीत तीन स्वतंत्र माणसं डोळ्यांपुढे येतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘ठामपणे असणं, वास्तवात असणं’ याच्या जवळचा आहे. हा शब्द एवढा घासून-पुसून का घेतला, ते इतिहासातून कळतं. पहिले ख्रिस्ती लोक यहुदी होते, ‘देव एकच’ हे त्यांच्या रक्तात होतं. आणि तरी ते येशूला प्रार्थना करत होते. प्रार्थना आधी सुरू झाली, सिद्धांत मागून आला. एरियस नावाच्या धर्मगुरूने सोपा तोडगा काढला: पुत्र हा देवाने निर्माण केलेला सर्वश्रेष्ठ जीव आहे. ३२५ साली निकेआच्या परिषदेने तो फेटाळला. पुत्र जन्मलेला आहे, घडवलेला नाही, असं ठरलं. पवित्र आत्म्याचा प्रश्न ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला सुटला, आणि येशू पूर्ण देव व पूर्ण माणूस आहे हे ४५१ साली कॅल्सेडनला.

शेवटच्या मुद्द्यामुळे ‘येशू हा देवाचा अवतार’ हे वाक्यही जपून वापरावं लागतं. अवतार पुन्हा पुन्हा होतात, काम झालं की आटोपतात. ख्रिस्ती मताप्रमाणे हे एकदाच घडलं, आणि तो देह नंतर टाकून दिलेला नाही. पण मराठीत सांगायचं तर शब्द मराठीच लागणार. १६१६ साली गोव्यात छापलेल्या फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणात, सुमारे ११,००० ओव्यांच्या त्या ग्रंथात, स्वर्गाला चक्क ‘वैकुंठ’ म्हटलं आहे. ऐकणाऱ्याला आपलं वाटावं म्हणून उचललेला शब्द आपल्यासोबत विष्णूलाही घेऊन येतो. भाषांतर करणाऱ्या प्रत्येकाला ही किंमत मोजावी लागली आहे.

३३०६ पासून एकापर्यंत

हिंदू परंपरेला पाच प्रश्न विचारले तर एक उत्तर येत नाही, कारण इथे एका छताखाली अनेक मजले आहेत. सर्वांत खालचा, आणि रोजच्या जगण्याच्या सर्वांत जवळचा, मजला ग्रामदैवतांचा. कसब्याचा गणपती, तांबडी जोगेश्वरी, शिवेवरचा म्हसोबा. म्हसोबाने विश्व निर्माण केलं का, हा प्रश्न त्याच्या भक्ताला सुचतच नाही. त्याच्याकडे रक्षणाचं काम आहे आणि त्याची हद्द ठरलेली आहे. कुलदैवताची हद्द कुळापुरती, म्हणून देव्हाऱ्यातले टाक घर वेगळं झालं की नव्याने करावे लागतात.

वरच्या मजल्यांकडे नेणारा जिना बृहदारण्यक उपनिषदात आहे. शाकल्य याज्ञवल्क्याला विचारतो, देव किती? उत्तर येतं, ३३०६. पुन्हा विचारतो, खरे किती? ३३. खरे किती? सहा. मग तीन, दोन, दीड आणि शेवटी एक. ते ३३ कोण, हेही सांगितलं आहे: आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, इंद्र आणि प्रजापती. दीड म्हणजे वाहणारा वारा, आणि एक म्हणजे प्राण, तेच ब्रह्म. इथे आकडे खोटे पाडलेले नाहीत. प्रत्येक पायरी खरीच आहे, फक्त वरून पाहिलं की संख्या कमी दिसते. ‘हिंदू अनेक देव मानतात की एक?’ या वादात दोन्ही बाजू जिन्याची एकेक पायरी धरून बसलेल्या असतात.

नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये पर्वतीवर बांधलेलं देवदेवेश्वराचं मंदिर याच विचाराची दगडी आकृती आहे. मधोमध शिव, चार कोपऱ्यांत विष्णू, सूर्य, गणपती आणि देवी: हे पंचायतन. घरच्या पंचायतनात मूर्तींऐवजी पाच खडे असतात: नर्मदेतला बाण, गंडकीतला शाळिग्राम, गणपतीसाठी तांबडा शोणभद्र, सूर्यासाठी स्फटिक, देवीसाठी सुवर्णमुखी पाषाण. ज्याची जी इष्टदेवता, ती मध्ये ठेवायची. बाकीच्या चार तिच्याभोवती. मध्यभाग बदलता येतो, हा त्या मांडणीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. श्रेष्ठ कोण, हे विश्वाच्या रचनेवर न ठेवता उपासकावर सोडलं आहे.

मूर्तिपूजा म्हणजे मातीला देव मानणं, हा आक्षेप तपासायला गणेश चतुर्थीची पोथीच पुरे. बाजारातून आणलेली मूर्ती ही तोवर मूर्तिकाराची कलाकृती असते. आधी प्राणप्रतिष्ठा. मग सोळा उपचार: आवाहन, आसन, पाय धुवायला पाणी, हात धुवायला पाणी, आचमन, स्नान, वस्त्र, जानवं, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य आणि पुढे प्रदक्षिणा, नमस्कार, मंत्रपुष्प. यादी नीट वाचली तर कळतं, हा घरी आलेल्या थोर पाहुण्याचा पाहुणचार आहे. शेवटी उत्तरपूजा: अक्षता वाहायच्या, परत येण्याची विनंती करणारा मंत्र म्हणायचा आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवायची. तिथे देवाचा निरोप होतो. पाण्यात जाते ती पुन्हा मातीच. म्हणून प्रतिष्ठेआधी मूर्तीला तडा गेला तर दुसरी आणतात, मनाला लावून घ्यायचं कारण नसतं. प्रतिष्ठेनंतर गेला तर उत्तरपूजा करून विसर्जन करतात. देवळातल्या मूर्तीची प्रतिष्ठा मात्र स्थिर असते, तिला निरोप नाही. कसबा गणपतीच्या मंदिरातला देव जागेवरच राहतो. मिरवणुकीत जाते ती वेगळी उत्सवमूर्ती.

दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे देव माझ्यापासून वेगळा आहे का यावर, वेदान्ताचे तीन मोठे आचार्य तीन दिशांना जातात. शंकराचार्य: शेवटी भेदच नाही. रामानुज: जग आणि जीव हे देवाचं शरीर आहेत, म्हणजे अलग नाहीत पण तेच ते सुद्धा नाहीत. मध्व: भेद खरा आहे, कायमचा आहे, आणि पाच प्रकारचा आहे: देव व जीव, देव व जड, जीव व जड, जीव व जीव, जड व जड. आता अडचण अशी की अद्वैत खरं असेल तर भक्ती कुणी कुणाची करायची? ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात याला दिलेलं उत्तर पुण्यात भर वस्तीत पाहता येतं. डोंगर कोरून देव, देऊळ आणि भोवतीचा परिवार घडवतात तसा भक्तीचा व्यवहार का होऊ नये, असं ते विचारतात. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरात जाऊन उभं राहावं. आठव्या शतकातलं हे लेणं एकाच कातळात कोरलेलं आहे: खांब, भिंती, समोरचा गोल नंदीमंडप. देव आणि भक्त यांच्यात अंतर आहे, नमस्काराला जागा आहे, पण दगड एकच. कित्येक पानांच्या चर्चेपेक्षा हा दृष्टान्त लवकर समजतो.

आणि याच मातीत चक्रधरांच्या महानुभाव पंथाने नेमकं उलटं सांगितलं. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आहेत आणि एकमेकांपासून वेगळे आहेत. देवता अनेक आहेत, खऱ्या आहेत, फळही देतात. पण मोक्ष देऊ शकत नाहीत. तो फक्त परमेश्वर देतो. देवता आणि परमेश्वर यांच्यात इतकी स्वच्छ भिंत मराठीत दुसऱ्या कुणी बांधली नसेल.

हे सगळं पाहिल्यावर ‘सगळे देव शेवटी एकच’ या वाक्याकडे पुन्हा बघायला हवं. ते सद्भावनेने म्हटलं जातं, दंगलीच्या काळात त्याने माणसं वाचवलीही असतील. पण समजावण्याचं साधन म्हणून ते अपुरं आहे, कारण ते स्वतःच एक मत आहे, अद्वैताच्या अंगाने जाणारं. मध्व ते मानणार नाहीत, चक्रधर मानणार नाहीत, मौलवी मानणार नाहीत, आणि जैन मुनी तर प्रश्नच दुरुस्त करतील. शीख परंपरेतलं ‘इक ओंकार’ ऐकायला याच वाक्यासारखं वाटतं. गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यांत विठ्ठल आहे. इतरत्र राम, हरी, अल्लाह ही नावंही येतात. पण मूलमंत्रातच त्या एकाला ‘अजूनी’, म्हणजे जन्माला न येणारा, म्हटलं आहे. नावं सगळी चालतील, अवतार नाही.

निर्माता नसलेले धर्म

जैन मंदिरात मूर्ती असते, पूजा असते, आरती असते. म्हणून बाहेरच्याला वाटतं की महावीर हे जैनांचे देव, जसे आपले राम. पाच प्रश्न लावा. जग कुणी घडवलं? कुणीच नाही, ते अनादी आहे. तीर्थंकर हाक ऐकतात का? नाही, ते राग आणि लोभ दोन्हींच्या पलीकडे गेले आहेत, प्रसन्न होणं हाही विकारच. मग वंदन कशासाठी? ‘तद्गुणलब्धये’, त्यांचे गुण आपल्यात यावेत यासाठी. पूजेत तांदळाचा स्वस्तिक काढतात तो हाच सिद्धांत: चार भुजा म्हणजे देव, मनुष्य, तिर्यंच (पशुपक्षी वगैरे) आणि नरक या चार गती, म्हणजे जन्माचे प्रकार, वरचे तीन ठिपके म्हणजे सम्यक दर्शन, ज्ञान, चारित्र्य, त्यावरची चंद्रकोर म्हणजे सिद्धशिला, मुक्त जीवांचं स्थान, आणि तिच्यावरचा ठिपका म्हणजे मुक्त जीव. लक्ष द्या, ‘देव’ ही इथे चार गतींपैकी एक आहे. स्वर्गातल्या देवांनाही मरण आहे, आणि मोक्षासाठी त्यांना माणसाच्या जन्मात यावं लागतं. अर्पण केलेलं फळ किंवा तांदूळ प्रसाद म्हणून वाटत नाहीत, कारण पलीकडे घेणारा आणि परत देणारा कुणी नाही. दिलं म्हणजे सोडलं. व्यवहारात मात्र मागणं थांबत नाही, ते पद्मावतीसारख्या यक्ष-यक्षींकडे वळतं.

बौद्ध धम्मात निर्मात्याचा प्रश्न आणखी वेगळ्या रीतीने सुटतो. ब्रह्मजाल सुत्तात सांगितलं आहे की विश्वचक्राच्या सुरुवातीला ब्रह्मा एकटाच जन्मतो. त्याला सोबत हवीशी वाटते. पुढे इतर जीव आपापल्या कर्माने तिथे येतात, आणि त्याला वाटतं मीच यांना निर्माण केलं. म्हणजे ब्रह्मा नाकारलेला नाही, त्याची समजूत नाकारली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचं स्पष्टपणे नाकारलं. विहारात मूर्तीपुढे हात जोडलेले दिसतात, पण त्रिशरण आणि पंचशील नीट ऐकलं तर त्यात काही मागितलेलं नसतं. शरण जातो असं तीनदा म्हणायचं आणि पाच गोष्टींपासून दूर राहीन असं आपण आपल्यालाच सांगायचं.

निर्माता नसला तर हिशेब कोण ठेवतं? पाचवा प्रश्न इथेच खरा रंगतो. जैनांच्या मते कर्म हे अतिसूक्ष्म द्रव्यच आहे. तेल लागलेल्या अंगाला धूळ चिकटावी तसं ते क्रोध, मान, माया, लोभ यांमुळे जीवाला चिकटतं. हिशेबनीस लागतच नाही. वेदातल्या यज्ञकर्माचा विचार करणाऱ्या पूर्वमीमांसकांचं म्हणणं, यज्ञातून ‘अपूर्व’ नावाची शक्ती तयार होते आणि तीच फळ देते. ‘अग्नये स्वाहा, अग्नये इदं न मम’ यातला अग्नी म्हणजे आहुती कुणाच्या नावाने टाकली ते दाखवणारी चतुर्थी विभक्ती, एवढंच त्याचं काम. नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचे तर्कपंडित, याला हरकत घेतात: कर्म जड आहे, आंधळं आहे, ते योग्य माणसापर्यंत योग्य वेळी कसं पोचेल? व्यवस्था बघणारा कुणी हवा, तो ईश्वर. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी हा युक्तिवाद मोठ्या ताकदीने मांडला.

‘देव चांगला आहे, मग दुःख का?’ हा प्रश्नही सगळ्यांना सारखा बोचत नाही. एकच, सर्वशक्तिमान आणि पूर्ण चांगला देव मानला की तो तीव्र होतो. बायबलातलं ईयोबाचं, म्हणजे निर्दोष असून दुःख भोगणाऱ्या माणसाचं, पुस्तक त्याच जखमेवर आहे. पारशी उत्तर वेगळं: वाईट अहुर मज्दाकडून आलेलंच नाही, ते अंग्र मैन्यूचं आहे, आणि शेवटी हरणार आहे. मृत्यू हा त्या दुष्ट शक्तीचा वार. म्हणून प्रेताचा स्पर्श अग्नी, माती, पाणी या पवित्र गोष्टींना होऊ द्यायचा नाही, आणि त्यातूनच दख्म्याची, म्हणजे प्रेत उघड्यावर गिधाडांसाठी ठेवण्याच्या मनोऱ्याची, पद्धत आली. अग्यारीतला, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरातला, अग्नी हा देव नव्हे, पण नुसतं चिन्हही नव्हे. त्याची विधिवत स्थापना होते आणि दिवसाच्या पाच प्रहरांत त्याला सुखड, म्हणजे चंदन, अर्पण करतात. सर्वांत वरच्या दर्जाचा अग्नी आतश बेहराम. सोळा प्रकारचे अग्नी शुद्ध करून एकत्र आणल्यावर तो सिद्ध होतो. भारतात असे आठ आहेत: मुंबईत चार, सुरतेत दोन, नवसारी आणि उदवाड्याला एकेक. पुण्यात त्या दर्जाचा अग्नी नाही.

एक शब्द अजून सरळ करायला हवा. आज ‘नास्तिक’ म्हणजे देव न मानणारा. जुन्या दर्शनांत नास्तिक म्हणजे वेदांचं प्रामाण्य न मानणारा. त्यामुळे ईश्वराची गरज न भासणारं सांख्य आणि मीमांसा ही आस्तिक दर्शनं, आणि देवलोक मानणारे जैन-बौद्ध नास्तिक! देव नाकारणाऱ्याला ‘निरीश्वरवादी’ आणि ‘आहे की नाही हे कळू शकत नाही’ म्हणणाऱ्याला ‘अज्ञेयवादी’ म्हणावं. आगरकर दुसऱ्या गटातले.

पुण्यातच एका माणसाने या सगळ्या शब्दांना बाजूला ठेवून नवा शब्द घडवला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि विश्वकर्त्यासाठी ‘निर्मिक’ हे नाव वापरलं. देव, ईश्वर, ब्रह्म, यांतल्या कुठल्याही शब्दासोबत आपोआप एखादी पोथी आणि एखादा पुरोहित आत येतो, हे त्यांना नको होतं. पाच प्रश्नांना निर्मिकाची उत्तरं अशी: जग त्याने घडवलं. तो जगापासून वेगळा आहे. त्याला मूर्ती नाही, अवतार नाही. त्याच्यापर्यंत पोचायला मध्यस्थ लागत नाही. फुलं त्यानेच केलेली, ती त्यालाच काय वाहायची. नैवेद्य आणि जप यांचंही तेच. आणि हिशेब माणसांनी एकमेकांशी नीट वागण्याचा, कारण स्त्री-पुरुष सगळे त्याचीच लेकरं. हे सगळं त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात मांडलं. पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर ते डाव्या हाताने लिहिलेलं आहे, आणि १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. पहिलं सत्यशोधक लग्न त्याच्या कितीतरी आधी, २५ डिसेंबर १८७३ रोजी लागलं होतं. फुल्यांनी या लग्नांसाठी रचलेल्या मंगलाष्टकांत भटजीला म्हणायला एकही ओळ नाही. त्या वधूने आणि वराने एकमेकांना म्हणायच्या आहेत.